बाराच्या आत

गेल्या आठवड्यात पी-नोईचा फोन आला. इथे अमेरिकेत, रेडमंडच्या पलीकडे, फरच्या झाडांत एक थाई देऊळ आहे, तिथल्या स्वयंपाकघराची ही मालकीण. नाव नोई, आणि पी म्हणजे ताई. ती म्हणाली, "रविवारी लुंगचा शंभरावा दिवस. ताट करायचंय. काय आवडायचं त्यांना खायला?"

लुंग म्हणजे काका. आमचे मोघेकाका. रविवारी त्यांना जाऊन शंभर दिवस होतील.

मी सांगायला तोंड उघडलं आणि तशीच राहिले. भिंतीला भिंत लागून इतकी वर्षं राहिलो, या माणसाच्या हातचं काय काय खाल्लं, आणि त्यांना स्वतःला काय आवडायचं ते मला सांगता येईना! "उद्या सांगते" म्हणून फोन ठेवला. अजून सांगितलेलं नाही. नवरा म्हणतो, "एवढं काय त्यात, खीर सांगून टाक." याला काय कळतंय डोंबल! म्हणून बसले आठवत. आठवता आठवता खाणं राहिलं बाजूला, अख्खे मोघेकाकाच समोर येऊन बसले.

काका मूळचे साताऱ्याचे. तरुणपणी एका कापडगिरणीत नोकरी लागून बँकॉकला गेले आणि तिथलेच झाले. लग्न करून कुसुमकाकूंना तिकडे नेलं, समीर तिकडेच जन्मला. काकू तिकडेच गेल्या. मग समीरनं वडिलांना इकडे आणलं. समीर सॉफ्टवेअरमध्ये, मीही सॉफ्टवेअरमध्ये, आमच्या कॉलनीत जो तो सॉफ्टवेअरमध्ये. त्यात हे एकटे काका, हातात पाण्याची झारी घेऊन गॅलरीत उभे.

इथल्या मराठी मंडळात त्यांना सगळे विचारायचे, "पुण्यात कुठे?" काका म्हणायचे, "पुण्यात नाही, बँकॉकमध्ये." की झालं! बँकॉक म्हटल्यावर आपल्याकडच्या पुरुषांची तोंडं कशी होतात ते मला ठाऊक आहे. एकमेकांना कोपर मारतात मेले. काकांना ते कळायचं, पण चेहऱ्यावर दाखवायचे नाहीत. शांतपणे सांगायचे, "आमची गल्ली फार छान होती. कोपऱ्यावर एक बाई केळी भाजायची. दुपारी सगळी गल्ली झोपायची, मांजरंसुद्धा." कोपर मारणारे मग चहा आणायला उठायचे.

त्यांच्या शर्टावरून मला वार कळायचा. थाई लोकांत प्रत्येक वाराला रंग असतो. सोमवारी पिवळा, मंगळवारी गुलाबी, बुधवारी हिरवा, असं करत रविवारी लाल. काकांनी ते इतकं अंगवळणी पाडून घेतलं होतं की कपाटात शर्ट वारानं लावलेले. घरून काम करताना माझे वार हटकून चुकतात. मी खिडकीतून बघायची, काका जांभळ्यात दिसले की म्हणायची, चला, शनिवार, लॅपटॉप बंद.

वरण-भातसुद्धा ते चमच्या-काट्यानं खायचे. उजव्या हातात चमचा, डाव्यात काटा, काट्यानं भात चमच्यात लोटायचा. आणि कुणीही दिसलं की पहिला प्रश्न, "किन खाव रू यांग?" म्हणजे जेवलीस का. तिकडे "कसे आहात"च्या जागी हेच विचारतात म्हणे. सकाळी सातला विचारायचे, पोस्टमनला विचारायचे. मी नागपूरची, आमच्याकडेही पाहुण्याला आधी हेच. त्यामुळे आमचं जमलं. ते मला नावानं कधी हाक मारत नसत. "काय गं नागपूर, किन खाव रू यांग?"

ओळख झाली ती तुळशीवरून. नोव्हेंबर महिना, बाहेर गार पाऊस, आणि माझी तुळस दरवर्षीप्रमाणे काळी पडून मेलेली. तुळशीचं लग्न तोंडावर. कुणीतरी सांगितलं, शेजारच्या आजोबांकडे बघ. गेले. त्यांच्या खिडकीत, दिव्याखाली, तुळशीच्या कुंड्याच कुंड्या! कशी टवटवीत! मला तर भरूनच आलं. म्हटलं, काका, एक द्याल का, लग्न लावायचंय.

"ने की," काका म्हणाले. "दोन ने. पण लग्न झालं की परत आणून दे हं. मला परतायला लागते."

"कशाला?"

"परतायला. लसूण, मिरची, टोफू आणि वरून मूठभर तुळस. कढईत."

मी कुंडी तिथेच खाली ठेवली. "काका! तुळस!"

ते इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. मग बसवून घेऊन सांगितलं. बँकॉकला काकूंनी दारात तुळस लावली होती. रोज पाणी, हळदकुंकू, संध्याकाळी दिवा. शेजारी पा-दाव राहायची. पा म्हणजे मावशी. एका सकाळी काकू बघतात तर तुळस अर्धी खुडलेली, आणि पा-दाव कढईत डुकराच्या खिम्यावर तीच पानं टाकतेय! तिकडे बाजारात भाजी म्हणूनच मिळते ती. पा-दावला वाटलं, ही बाई एवढं छान पीक काढते आणि खात नाही, वाया चाललंय.

"मग काकूंनी काय केलं?"

"दोन दिवस बोलली नाही तिच्याशी. तिसऱ्या दिवशी दुसरी कुंडी आणली आणि पा-दावला सांगितलं, ही देवाची, ती तुझी. पुढे पा-दाव स्वयंपाक करायच्या आधी देवाच्या कुंडीलाही हात जोडायला लागली. न चुकता."

मी त्या वर्षी त्यांच्याच तुळशीचं लग्न लावलं आणि कुंडी परत दिली. पुढे काय झालं ते मुद्दाम विचारलं नाही.

गणपतीची गंमत अख्ख्या मंडळाला माहीत आहे. आरतीनंतर काका पुढे झाले आणि मूर्तीसमोर लाल सरबताची बाटली ठेवली. बूच काढून, आत स्ट्रॉ घालून. आमच्या अध्यक्षांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "काका, हे काय?" काका म्हणाले, "आमच्याकडे ठेवतात. तिकडेही गणपती आहे, फार मानतात त्याला."

"ते ठीक आहे हो, पण स्ट्रॉ कशाला?"

"मग पिणार कसा तो?" काका म्हणाले. त्यांना खरंच कळेना, यात विचारण्यासारखं काय आहे.

आम्ही सगळे हसलो. मीही हसले. पण काकांचं ते तसंच असायचं. द्यायचं तर समोरच्याला घेता येईल असं द्यायचं, नुसतं ठेवून मोकळं व्हायचं नाही.

रविवारी ते थाई देवळात असायचे. देऊळ म्हणजे एक जुनं लाकडी घर, आत सोनेरी बुद्ध, मागे पत्र्याचा मांडव. तिथे रविवारी बायका खाण्याचे स्टॉल लावतात. काका लाल शर्ट घालून उखळापाशी बसायचे आणि कच्च्या पपईचं सॅलड कुटून द्यायचे. थाई माणसं त्यांच्याशी तासन्‌तास गप्पा मारायची. मला त्यातलं एक अक्षर कळायचं नाही, पण काकांचा आवाज तिथे वेगळाच लागायचा. मोठा, मोकळा. घरी समीरच्या मुलांशी इंग्रजीत बोलताना ते इतकं हळू बोलायचे की मुलं "व्हॉट?" म्हणायची.

त्या देवळाचा एक नियम इथे सांगायलाच हवा, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. तिथले भिक्खू दुपारी बारानंतर जेवत नाहीत. दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत अन्न नाही. आणि आपलं गेलेलं माणूस असेल, त्याला काही पोचवायचं असेल, तर त्याच्या आवडीचं ताट भिक्खूंना वाढायचं. ते जेवले की तिकडे पोचतं. पण ताट बाराच्या आत जायला हवं.

काका दर मार्चमध्ये, काकू गेल्या त्या तारखेला, असं ताट न्यायचे. भरली वांगी, भात आणि कैरीच्या फोडी. वांगी ती थाई, हिरवी, लिंबाएवढी. मसाला आपलाच, पण त्यात लिंबाचं कोवळं पान बारीक चिरून. कैरीला तिखट, मीठ, साखर. मी एकदा म्हटलं, काका, वांगी तर मस्तच झालीत, कैरी चाखली का? म्हणाले, "छे, मला आंबट सोसत नाही. ते तिचं."

त्या दिवशी देवळातल्या बाकावर बसून त्यांनी मला काकूंचं सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

काकू अचानक गेल्या. दोन दिवसांचा ताप काय, आणि संपलंच. तिकडे कुठला भटजी आणि कुठलं काय. गल्लीनंच सगळं केलं. देवळात नेलं, रोज संध्याकाळी पाठ झाले, गल्लीतल्या बायकांनी स्वयंपाक केला. आणि पा-दावनं काकांना विचारलं, "तिच्या ताटात काय वाढू? काय आवडायचं तिला?"

"मला येईना गं सांगता," काका म्हणाले. "एवढा संसार केला. रोज तिच्या हातचं जेवलो. तिला काय आवडायचं, माहीतच नाही! ती माझ्या आवडीचं करायची आणि मला वाटायचं, आपल्या घरात हेच आवडतं. मी तिथे सगळ्यांसमोर नुसता उभा. शेवटी पा-दावनंच सांगितलं. म्हणाली, असू दे लुंग, मला माहीत आहे. आमची छोटी वांगी भरून करायची ती, तू कामावर गेलास की. आणि दुपारी पायरीवर बसून आम्ही कैरी खायचो, तिखट-मीठ लावून."

मग म्हणाले, "मला मोठी वांगी लागायची. छोट्यांत बी फार, म्हणून मी नको म्हणायचो. म्हणून ती माझ्यामागे करून खायची."

मी रिकामा डबा उचलून पुसायला घेतला. 

त्यानंतर काका पा-दावकडून स्वयंपाक शिकले. आयुष्यात चहा न केलेला माणूस वांगी भरायला शिकला. "जिवंतपणी नाही दिलं," म्हणायचे, "आता तरी वेळेवर पोचायला हवं." समीरला हे पटायचं नाही. तो सरळ म्हणायचा, "बाबा, आई गेली. तिला आता भूक नाही लागत." वाईट मुलगा नाही तो. आई गेली तेव्हा तो इकडे परीक्षा देत होता, पोचला तेव्हा सगळं झालेलं. त्याला त्या ताटाकडे बघवायचंच नाही, असं मला वाटतं.

आणि मग तो मार्च आला. काकूंची तारीख रविवारी आली होती. समीर बायको-मुलांना घेऊन बर्फात गेला होता. मी काकांना म्हटलं, मी पोरांना घेऊन देवळात जाणारच आहे खायला, चला माझ्याबरोबर. "नाही," म्हणाले. "हा डबा मीच नेणार. बसनं नेतो दरवर्षी." हट्टी माणूस. मी म्हटलं, बरं.

आम्ही तिथे मांडवात बसून नूडल्स खात होतो. भिक्खूंची जेवणं आटोपली होती, आत बायका भांडी विसळत होत्या. तेवढ्यात फाटकातून काका येताना दिसले. लाल शर्ट, वर रेनकोट, हातात चार पुडाचा स्टीलचा डबा. प्रसन्न चेहरा. मला लांबूनच म्हणाले, "काय गं नागपूर, किन खाव रू यांग?" आणि चपला काढून आत गेले.

मी मोबाइलमध्ये बघितलं. साडेबारा होत आले होते. 

मार्चमधल्या एका रविवारी इकडे घड्याळं एक तास पुढे करतात. तो रविवार तोच होता. मोबाइलचं घड्याळ आपलं आपण पुढे जातं, म्हणून आमच्या लक्षातही येत नाही. काकांच्या हातातलं घड्याळ किल्लीचं, काकूंनी घेतलेलं. त्यात साडेअकरा होत होते. घरात सांगायला कुणी नव्हतं. रविवारी बस तासातासानं असते, त्यामुळे ती वेळेवर आली असंच त्यांना वाटलं. आणि मी! आदल्या दिवशी मीच पोरांना सांगितलं होतं, उद्या एक तास कमी झोप. भिंतीपलीकडे सांगायचं सुचलं नाही.

मी आत धावले. काका थोरल्या भिक्खूंसमोर गुडघ्यावर बसले होते, दोन्ही हातांनी डबा उचलून धरलेला. त्या म्हाताऱ्या भिक्खूंना सगळे लुआंग पो म्हणतात, म्हणजे थोरले बाबा. लुआंग पो डबा घेत नव्हते. त्यांनी नुसतं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. काकांनीही बघितलं. मग मनगटावर. आणि हसून थाईत काहीतरी म्हणाले, पी-नोईनं मला नंतर सांगितलं, ते म्हणाले होते, "तुमचं घड्याळ पुढे गेलंय."

पी-नोई त्यांच्याशेजारी बसली आणि हळू आवाजात समजावलं. काकांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं होतं, काढून घ्यायचं त्यांना सुचलं नाही. लुआंग पो बराच वेळ बोलले. मनात आणलंस तेव्हाच पुण्य झालं, असं काहीसं. काकांनी मान डोलवली, हात जोडून नमस्कार केला आणि डबा घेऊन बाहेर आले.

बाहेर चपलांच्या फळीपाशी बसले. एक चप्पल पायात, एक हातात.

"उपाशी राहिली गं ती आज," म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, हा काय देश आहे का काका! सूर्य आपला आहे तिथे आहे, आणि ह्यांची घड्याळं नाचतात! कुणाचं काय अडलं होतं? मी बडबडत सुटले. काय करणार, रडू आलं की मी भांडते. काका ऐकत होते की नाही कुणास ठाऊक. पी-नोई आली, म्हणाली, "लुंग, डबा उघड, आपण सगळ्या मिळून खाऊ." काकांनी डबा मांडीवर ओढून घेतला. "नाही," म्हणाले. "तिच्या आधी कुणी नाही."

गाडीत म्हटलं, "उद्या परत करू. मी येते."

"तारीख आज होती."

"लुआंग पोंना विचारलं मी. उद्याचं चालतं."

मी विचारलं बिचारलं काही नव्हतं.

सोमवारी सकाळी ऑफिसची रोजची मीटिंग कॅन्सल केली, मॅनेजरला सांगितलं घरचं काम आहे. काका पिवळ्या शर्टात दारात तयार. वांगी पुन्हा भरलेली. प्रत्येक सिग्नलला ते माझ्या मोबाइलमध्ये बघत आणि मग मनगटावर. आम्ही इतके लवकर पोचलो की फाटक उघडायचं होतं. पावसात गाडीत बसून राहिलो. काकांनी डब्यावर दोन्ही हात ठेवले होते.

त्या दिवशी लुआंग पो जेवले. दोन वांगी खाल्ली, तिखटानं त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं तरी थांबले नाहीत. मग पाठ झाला. पाठ चालू असताना काकांनी छोट्या पितळी भांड्यातून वाटीत पाण्याची धार सोडली. मग ते पाणी बाहेर नेऊन फरच्या झाडाच्या मुळाशी ओतलं. पाऊस पडतच होता, त्यात ते पाणी कुठलं वेगळं दिसणार. पण काका ते जिरेपर्यंत वाकून बघत राहिले.

"पोचलं," म्हणाले. आणि मग मला विचारलं, "तू जेवलीस का?"

मला वाटलं, सुटलो. पण त्या रविवारानं त्यांच्या मनात जे घुसलं ते काही निघालं नाही. सारखं विचारायला लागले, "बारा वाजले का?" आधी आम्ही हसायचो. मग ते डॉक्टरकडे दोन तास आधी जाऊन बसायला लागले. मग एका मंगळवारी खिडकीतून बघितलं, काका पिवळ्या शर्टात. मी म्हटलं, असेल, गुलाबी धुवायला गेला असेल. दुसऱ्या दिवशीही पिवळाच. आपण किती खोटं बोलतो स्वतःशी!

भर जुलैत त्यांनी वांगी भरली आणि गॅस चालू ठेवून बसथांब्यावर जाऊन उभे राहिले. अलार्म वाजला, अग्निशमनवाले आले. समीर संध्याकाळी गॅरेजमध्ये माझ्यासमोर रडला. "मी काय करू ताई? मी ऑफिसला गेलो की कोण बघणार? माझ्याशी थाईमध्येच बोलतात आता. मी विसरलोय थाई. माझ्या वडिलांशी बोलायला मला भाषा नाही."  ठेवलं मग त्यांना एका मेमरी केअरमध्ये, म्हणजे विसरायला लागलेल्या म्हाताऱ्यांना सांभाळतात तिथे. चांगली जागा होती, माणसं मायाळू होती. तरीही.

तिथे हँक नावाचे एक आजोबा होते. जन्मभर जंगलात लाकूडतोडीचं काम केलेले. टक्कल गुळगुळीत, आणि अंगात कायम शिकारी लोक घालतात ते नारिंगी जाकीट. ते अंगातून काढू देत नसत कुणाला. काकांनी पहिल्याच दिवशी त्यांना बघून भिक्खूंना जोडावेत तसे हात जोडले. तेव्हापासून रोज सकाळी, बाराच्या आत, काका आपलं ताट उचलायचे आणि हँक आजोबांसमोर वाकून ठेवायचे. हँक आजोबांना कशाचंच काही वाटत नसे. ते शांतपणे जेवायचे. तिथल्या मुलींनी आधी थांबवायचा प्रयत्न केला, मग त्या काकांसाठी दुसरं ताट आणून ठेवायला लागल्या. मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आले.

शेवटचं भेटले त्या दिवशी मी वांगी करून नेली होती. बाजारातून कैरी आणली होती. अकराला पोचायचं म्हणून ठरवलेलं, पण ऑफिसात ऐनवेळी सगळं बिघडलं, पुलावर गाड्या तुंबल्या, आणि पोचले तेव्हा दोन वाजून गेलेले. तिथली मुलगी म्हणाली, "आज त्यांनी तोंडात काहीच घेतलं नाही. सकाळी हँक झोपून होते, ताट ठेवता आलं नाही. तेव्हापासून तसेच बसलेत."

काका खिडकीपाशी होते. अंगात करडा स्वेटशर्ट, कुणाचा तरी. करडा कुठल्याच वाराचा नाही. हँक आजोबा आता उठून समोर बसले होते. माझ्या हातात डबा दिसला आणि काका धडपडत उभे राहिले. 

"बारा वाजले का गं?"

त्यांच्या डोक्यामागे भिंतीवर हे एवढं मोठं घड्याळ. मी त्याच्याकडे बघितलं.

"नाही काका," मी म्हटलं. "अकरा वाजतायत."

"अकरा?"

"अकराच."

ते खुर्चीला धरून हळूहळू खाली बसले, गुडघ्यावर. मी वाढलं. त्यांनी ताट दोन्ही हातांनी उचलून धरलं आणि हँक आजोबांनी घेतलं. एक वांगं खाल्लं, "हॉट" म्हणाले, आणि दुसरं घेतलं. काकांनी कागदी पेल्यातलं पाणी कोपऱ्यातल्या कुंडीत धार धरून ओतलं. झाड प्लास्टिकचं होतं, पाणी खाली फरशीवर आलं. मी पुसून घेतलं.

"पोचलं," काका म्हणाले.

मग जेवायला बसले. काय भूक लागली होती त्यांना! तिथलं गार झालेलं जेवण सगळं संपवलं. आणि मग डब्यातली कैरीची फोड उचलली, तिखट-मिठात बुडवली आणि तोंडात टाकली. मी म्हणणार होते, काका, तुम्हाला आंबट सोसत नाही. त्यांचं तोंड वेडंवाकडं झालं, डोळे मिटले. मग हसायला लागले.

"हे खायची होय ती!" म्हणाले. अगदी स्वच्छ. "पायरीवर बसून. रोज." दुसरी फोड घेतली. चावत राहिले. "मी कधी मागितलीच नाही गं तिच्याकडे. दिली असती तिनं."

सगळ्या फोडी संपवल्या. एक ठेवली, ती टिश्यूत गुंडाळून माझ्या हातात दिली. "ही तिची," म्हणाले.

पी-नोईला आत्ता फोन करणार आहे. कैरी सांगणार आहे. रविवारी दहालाच जाऊन बसणार आहे मी.

त्या दिवशी निघाले, तर दारापर्यंत पोचवायला आले. ते दार काचेचं, आकडे दाबल्याशिवाय उघडत नाही. मी बाहेर पडले, दार लागायच्या आत त्यांनी हाक मारली.

"नागपूर! किती वाजले?"

बाहेर अंधारून आलं होतं, पार्किंगमधले दिवे लागत होते.

"अकरा, काका."

"मग सावकाश जा," म्हणाले. "वेळ आहे."